वाघ गेले, जाकीट आलं

आपण अंगात काय घालावं हे ठरवण्याचा हक्क पुरुषाला आयुष्यात फार थोडे दिवस मिळतो. लहानपणी आई ठरवते, लग्नानंतर बायको ठरवते आणि पेन्शन सुरू झाली की मुलगा ठरवतो. मी सध्या तिसऱ्या अवस्थेत आहे. म्हणूनच गेल्या डिसेंबरात आमचे चिरंजीव पुण्याहून धरणगावला आले आणि "अण्णा, तुमची सिस्टीमच चुकीची आहे," असं म्हणाले, तेव्हा मला आधी वाटलं, हा माझ्या पोटाविषयी बोलतोय. पण तो बोलत होता माझ्या कपड्यांविषयी.

त्याचं असं आहे. माझे धाकटे मामा माझ्याहून चारच वर्षांनी मोठे. गावाबाहेर त्यांची थोडी जमीन आहे. हिवाळ्यात दादर, हरभरा आणि थोडा मका असतो. मक्यात रात्री रानडुकरं शिरतात आणि विजेची पाळीही बरोबर डुकरांच्याच वेळेला येते. तेव्हा मामांनी एका हाताने पाणी भरायचं आणि दुसऱ्या हाताने डुकरं हाकलायची. मी रिटायर माणूस. सोबतीला म्हणून जातो. काम काही करत नाही, पण मामा बोलतात तेव्हा "हो ना" म्हणायला कोणीतरी लागतं.

"तुम्ही रात्री रानात काय घालून जाता?" चिरंजीवांनी उलटतपासणी सुरू केली.

"बनियन, सदरा, स्वेटर आणि वरून आजोबांची घोंगडी."

चिरंजीवांनी कपाळाला हात लावला. मग त्याने मला तीन थरांचं शास्त्र सांगितलं. अंगाला लागून असतो तो घाम टिपणारा थर, मधला ऊब धरणारा आणि सर्वांत बाहेरचा वारा-पाणी अडवणारा. मी बोटं मोजून पाहिली. बनियन, स्वेटर, घोंगडी. माझेही तीनच भरले आणि सदरा वर शिल्लक राहिला. एव्हरेस्टवर १९२४ साली बेपत्ता झालेल्या मॅलरीचा देह १९९९ साली सापडला, तेव्हा त्याच्याही अंगावर रेशमी, सुती आणि लोकरी कपड्यांचे थरावर थर होते आणि वरून गॅबर्डीनचा कोट होता. म्हणजे हे शास्त्र मॅलरीला ठाऊक होतं आणि माझ्या आजीलाही. फक्त आजी त्याला सिस्टीम म्हणत नसे. ती म्हणे, "घाल मुकाट्यानं."

पण मुलापुढे आजीचा दाखला चालत नाही. पुढच्या खेपेला मी पुण्याला गेलो, तेव्हा त्याने मला एका मोठ्या दुकानात नेलं. तिथल्या पोऱ्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि विचारलं, "सर, ट्रेकिंग की हंटिंग?" मी आयुष्यात ढेकणापलीकडे कशाची शिकार केलेली नाही. तरी "सर" म्हटल्यावर माणूस विरघळतो. मी म्हणालो, "दोन्हीच्या मधलं दाखवा."

त्याने जे दाखवलं ते शिकाऱ्याचं जाकीट होतं. हिरवे, तपकिरी, काळपट डाग, जणू कोणी पालकाच्या भाजीत लोळून उठलंय. सात खिसे, एक टोपडं, अर्धा डझन चेनी. "सर, यात तुम्ही झाडीत उभे राहिलात तर जनावराला दिसणारसुद्धा नाही!" आणि मी, छत्तीस वर्षं कचेरीत साहेबाला न दिसण्याची धडपड केलेला माणूस, या एका वाक्यावर फसलो. किंमत सांगत नाही. ती सौ.लाही अजून अर्धीच सांगितली आहे.

आता शिकारीच्या बाबतीत धरणगावला कोणी शहाणपण शिकवू नये. १८२५ साली इंग्रजांनी खानदेशात भिल्ल कोअर उभी केली, तिचं ठाणं आमच्याच गावात होतं. ती उभी करणारा जेम्स औट्रम तेव्हा अवघा बावीस वर्षांचा होता. हा साहेब शिकारीचा इतका नादी, की १८२५ ते १८३४ या काळात १९१ वाघ त्याच्या डोळ्यांदेखत मारले गेले, असा हिशेब त्याच्या चरित्रात दिलेला आहे. त्यानं भिल्लांशी दोस्ती जमवली तीही शिकारीतूनच. माग काढायचे भिल्ल, चरित्र निघालं साहेबाचं. पण माझा मुद्दा निराळा आहे. त्या १९१ वाघांपैकी एकाही वाघाच्या वेळी चेनीचं जाकीट कोणाच्या अंगात नव्हतं, कारण चेनच निघायची होती. पुढे वाघ संपत आले, १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि हौशी शिकारीचा खेळ कायद्याने मिटला. शिकार गेली, शिकारी गेले आणि मग शिकाऱ्याचं जाकीट बाजारात आलं. जाकिटाला यायला उशीर झाला, एवढाच त्याचा दोष असता तर मी गप्प बसलो असतो.

जानेवारीतली रात्र. आमच्या जळगाव जिल्ह्याला लोक उन्हाळ्यासाठी नावं ठेवतात, पण हिवाळ्यात इथे पारा दहाच्या खाली येतो आणि शेजारी धुळ्याला तर काही वर्षी पाचाच्याही खाली गेलेला आहे. मी जाकीट चढवून, टोपडं ओढून, सातही खिशांत काहीबाही भरून शेतात गेलो. पहिला अनुभव आला तो आवाजाचा. पाऊल टाकलं की खस्स, हात हलवला की खस्स. मी चालत होतो आणि सगळ्या शिवाराला कोणीतरी चिवड्याची पुडी उघडतंय असं वाटत होतं. अर्धा मैल चालल्यावर दुसरा अनुभव आला. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून आतून प्लास्टिकचं अस्तर होतं. त्याने आतलाही घाम बाहेर जाऊ दिला नाही. वाफ सोडणारं आणि पाणी अडवणारं कापड जगात आहे. त्याची छिद्रं पाण्याच्या थेंबापेक्षा कितीतरी बारीक असतात आणि अमेरिकेत ते १९६९ साली निघालं. पण माझ्या जाकिटाचा त्या घराण्याशी काही संबंध नव्हता. मी बाहेरून कोरडा आणि आतून भिजलेला, असा बांधावर उभा राहून कुडकुडू लागलो. तिसरा अनुभव शेकोटीचा. एक ठिणगी उडाली आणि बाहीला पावलीएवढं भोक पडलं. कापड जळालं नाही, वितळलं, आणि वितळून मनगटाला चिकटलं.

चौथा अनुभव मात्र विनोदी लेखात बसवताना अजून हात थरथरतो. मी मक्याच्या कडेला जरा वाकून चपलेतला काटा काढत होतो. दांडावरून मामांनी हाक मारली, "कोन शे रे तठे?" टोपड्यामुळे ती मला ऐकूच आली नाही. त्यांनी बॅटरी मारली. उजेडात त्यांना दिसलं ते एवढंच, की मक्यात काहीतरी काळपट, डागाडागांचं, वाकलेलं हलतंय आणि खसखसतंय. पुढच्या क्षणी गोफणीचा गोटा माझ्या कानाजवळून सूं करत गेला आणि मागच्या बाभळीवर आदळला. दोन बोटं इकडे आला असता, तर हा लेख चिरंजीवांना लिहावा लागला असता आणि त्याचं मराठी यथातथाच आहे.

मामा धावत आले. मला ओळखल्यावर मट्कन खालीच बसले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "डुक्कर समजीसन गोटा फेका मी, भाचा." आवाज कापत होता. थोड्या वेळाने त्यांनी जाकिटाची बाही चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाले, "झाडमा लपेल मानूस राखन काय करी?"

वाचकहो, माझी सगळी फिर्याद या एका प्रश्नात आली. शिकारी आणि राखणदार दोघंही रात्री रानातच असतात, पण त्यांचे धंदे उलटे. शिकाऱ्याला जनावर जवळ यायला हवं असतं, म्हणून तो लपतो. राखणदाराला ते पळायला हवं असतं, म्हणून त्याने दिसलं पाहिजे. गंमत अशी, की खरे शिकारीसुद्धा एवढे लपत नाहीत. अमेरिकेतल्या कित्येक राज्यांत हरणांच्या शिकारीच्या दिवसांत झगझगीत नारिंगी कपडा अंगावर घालावा असा कायदाच आहे. हरणाला तो रंग आपल्यासारखा दिसत नाही, पण दुसऱ्या शिकाऱ्याला लांबून दिसतो आणि तो आपल्यावर बार टाकत नाही. ही अक्कल तिकडच्या कायद्याला आहे. इकडे मात्र डागाडागांची जाकिटं, टोप्या आणि पाटलोणी सर्रास विकल्या जातात आणि शेतमजुराचा पोर ती घालून रात्री अंधाऱ्या रस्त्याने सायकल हाणतो. मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला तो दिसायचा कसा? आपण जे विकत घेतलं ते न दिसण्याचं यंत्र आहे, हे त्याला कोणीच सांगितलेलं नसतं.

म्हणजे मग घोंगडीच खरी, असं म्हणून मी आता गळा काढीन अशी तुमची अपेक्षा असेल. घोंगडीचे गुण मी जाणतो. दख्खनी मेंढीची लोकर, चिंचोक्याची खळ, त्यामुळे पाऊस वरच्यावर निथळतो. आवाज नाही. ठिणगी पडली तर जागच्या जागी विझते. आणि भिजली तरी लोकर ऊब सोडत नाही. हा गुण आमच्या कापसात नाही. कापूस पिकवण्यात खानदेशाचा जन्म गेला, पण ओला सुती सदरा थंडीत अंगातली होती ती ऊबही ओढून घेतो, हे खानदेशी माणसाने तरी मान्य करावं. मामांचं मत एका ओळीत आहे, "वल्ली व्हयनी तरी गरम ऱ्हास." पण घोंगडीचे दोषही मी जाणतो. ती टोचते. पाणी प्यायली की बकरं खांद्यावर घेतल्यासारखी जड होते, आणि तिच्या ओल्या वासाने शेजारी बसलेला माणूस नातं विसरतो. शिवाय ती काळी, म्हणजे अंधारात तीही दिसत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट, घोंगडी बसणाऱ्याची आहे, राबणाऱ्याची नाही. मी बांधावर बसून "हो ना" म्हणतो, म्हणून मला ती शोभते. मामांना फावड्याने दांड फोडायचा असतो, या वाफ्यातलं पाणी त्या वाफ्यात वळवायचं असतं. दोन्ही हात मोकळे लागतात. तेव्हा ते घोंगडी माझ्या अंगावर टाकतात आणि स्वतः जुन्या स्वेटरवर बारदानाची खोळ घेऊन घोटाभर गार पाण्यात उतरतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे होती आणि मला ती या जाकिटाच्या निमित्ताने दिसली.

शिकाऱ्यासाठी सात खिशांचं जाकीट शिवणारे आहेत, गिर्यारोहकासाठी आहेत, कुत्र्यांसाठीसुद्धा स्वेटर विणतात. रात्री पाण्यात उभं राहून तुमच्या-आमच्या डाळीचा हरभरा भिजवणाऱ्या माणसासाठी कोणी काही शिवलं आहे का? त्याचं मागणं मी लिहून देतो. लोकरीचं असावं. कमरेपर्यंत असावं. कान उघडे असावेत. रंग असा भडक असावा की सौ.ने नाक मुरडलं पाहिजे. खिसा एकच, बॅटरीचा. आणि किंमत अशी, की ती बायकोला पुरी सांगता यावी.

हे सगळं मी चिरंजीवांना सांगितलं. तो शास्त्राचा माणूस, विचारात पडला. म्हणाला, "अण्णा, पण मामाआजोबांना दिवसा वीज मिळाली, तर यातलं काहीच लागणार नाही." मी गप्प झालो. उन्हात पाणी भरायला बनियन पुरतं. सरकार सौर पंपांच्या आणि सौर फीडरच्या योजना काढतं आहे, ज्यांच्या शेतापर्यंत त्या पोचल्या ते रात्री घरी झोपतात. आमच्या मामांच्या शेतापर्यंत अजून तरी रात्रीचीच पाळी पोचते आहे.

जाकीट मामांनी मागून घेतलं आणि मक्यातल्या बुजगावण्याला चढवलं. तिसऱ्या दिवशी पाहतो, तर डुकरं बुजगावण्याच्या पायापर्यंत चरून गेलेली! मामा म्हणाले, त्यांचा काय दोष, त्यांना ते दिसलंच नसेल.

त्या रात्री वीज साडेबाराला आली. मामा उठले, खोळ घेतली आणि घोंगडी माझ्या अंगावर टाकून पाण्याकडे निघाले. मी या वेळी "हो ना" म्हटलं नाही. सौ.चा जुना लाल स्वेटर पिशवीतून आणला होता, तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून पाहिला, बाईमाणसाचा आहे म्हणून कुरकुर केली आणि घातला. मग रात्रभर मला ते बांधावरून, बॅटरी मारली की शिवाराच्या पार टोकापर्यंत दिसत राहिले.