वाढ झाली म्हणे. हिशेबपट्टी काय सांगते?



२८ नोव्हेंबर २०२५ रोजी दिल्लीहून आकडा आला. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत देशाचे उत्पन्न ८.२ टक्क्यांनी वाढले. त्याच महिन्यात त्याआधी दुसरा आकडा आला होता: ऑक्टोबरमध्ये महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के, आणि खाण्याच्या वस्तू तर वर्षभरात ५ टक्क्यांनी स्वस्त. वाढ जोरात, महागाई जवळजवळ शून्य. शहरातल्या अर्थपंडितांना यापेक्षा आणखी काय हवे? त्याच दिवसांत आपण कापूस घेऊन बाजारात उभे होतो. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, आणि खासगी व्यापाऱ्याची बोली त्याच्या पुष्कळ खाली.

सरकारी आकडा खोटा आहे, असे सभेत म्हटले की टाळ्या पडतात. पण ते उत्तर सोपे आहे आणि चुकीचे आहे. आकडा मोजतो काय, ते आधी पाहिले पाहिजे.

शेतीची वाढ मोजताना यंदाचा माल यंदाच्या भावाने मोजत नाहीत. एक जुने वर्ष पायाचे धरतात. वरचा आकडा ज्या मालिकेतला, तिचा पाया २०११-१२ सालचा. यंदाचे क्विंटल त्या वर्षीच्या भावाने गुणायचे. कापूस तसाच, ज्वारी तशीच, ज्वारीचा कडबासुद्धा. विकलेली नव्हे, घरी खाल्लेली ज्वारीही त्यात येते. खते-बियाण्यांचा खर्च वजा करतात, पण तोही पायाच्या वर्षाच्या भावाने. म्हणजे यंदा भाव पडला काय आणि खताची गोणी महागली काय, या हिशेबात त्याचा पत्ताच लागत नाही.

एक उदाहरण घेऊ. एका कोरडवाहू शेतकऱ्याला गेल्या वर्षी १० क्विंटल कापूस झाला आणि ७,५०० रुपये भाव मिळाला असे धरा. हातात ७५,००० रुपये आले. यंदा पाऊस बरा, कापूस साडेदहा क्विंटल, पण भाव ६,८००. हातात ७१,४००. वेचणी गेल्या वर्षी किलोला ८ रुपये होती, यंदा १०. ती वजा केली तर गेल्या वर्षी राहिले ६७,०००, यंदा राहिले ६०,९००. (वेचणाऱ्या बाईला दोन रुपये जास्त मिळाले याची तक्रार नाही. तिलाही त्याच दुकानातून मीठ-मिरची घ्यायची असते.) फवारणी, खत, भाडे अजून बाकीच आहे. दिल्लीच्या वहीत याच शेतकऱ्याच्या नावापुढे काय लिहिले जाते? वाढ, ५ टक्के.

देशाच्या पातळीवरही हेच दिसते. ८.२ टक्के ही भाव बाजूला ठेवून काढलेली वाढ. चालू भावाने, म्हणजे प्रत्यक्ष रुपयात मोजली तर त्याच तिमाहीत वाढ होती ८.७ टक्के. दोन्हींत फरक अवघा अर्ध्या टक्क्याचा. देशात एकूण भाव जवळपास हललेच नाहीत, तेव्हा कुठेतरी भाव पडलेले असणार. कुठे पडले, ते खाण्याच्या वस्तूंचा तो दुसरा आकडा सांगतो.

हे आभाळातून पडत नाही. २०१६ साली कायदा बदलून रिझर्व्ह बँकेला महागाईचे उद्दिष्ट नेमून दिले: ४ टक्के, खाली २ आणि वर ६ पर्यंत सूट. २०२२ मध्ये दर सलग ६ च्या वर राहिला, तेव्हा बँकेला सरकारकडे लेखी खुलासा द्यावा लागला. आणि सरकारने काय केले? १३ मे २०२२ रोजी गव्हाची निर्यात बंद. पुढे भाव पुन्हा चढू लागले तेव्हा जुलै २०२३ मध्ये तांदळाची, डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची. दर वर गेला की बंदीचा हुकूम रातोरात निघतो. २०२५ मध्ये तो २ च्या खाली गेला, तेव्हा शेतमालाचे भाव सावरायला कोणी रात्र जागवली नाही. व्याजाचा दर मात्र उतरला, ५ डिसेंबरला ५.२५ टक्के झाला. घरकर्जवाल्यांचे भले झाले. आपले पीककर्ज ७ टक्क्यांचे, वेळेत भरले तर ४ चे; ते त्याने हलत नाही.

कापसाचे तर आणखी वेगळे. तो खाण्याची वस्तू नाही, तरी सुटला नाही. आयात कापसावर फेब्रुवारी २०२१ पासून ११ टक्के कर होता. २०२२ मध्ये भाव चढले तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर तो काढला. २०२५ मध्ये हमीभाव मे अखेरीस जाहीर झाला, त्यावर विसंबून आपण पेरले. पीक पात्या-फुलांवर असताना १९ ऑगस्टपासून कर काढला, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला माल बाजारात येण्याचे नेमके दिवस.

बाहेरची रुई ५५,००० रुपये खंडी धरली तर ११ टक्के म्हणजे ६,०५० रुपये. ३५६ किलोच्या खंडीला साधारण साडेदहा क्विंटल कापूस लागतो. क्विंटलला पावणेसहाशे रुपयांचा आडोसा गेला. हा सगळा बोजा आपल्यावरच पडला असे आम्ही म्हणणार नाही. जगातच भाव मंद होते. अमेरिकेने २७ ऑगस्टपासून ५० टक्के कर लावल्याने कापड गिरण्या खरोखर अडचणीत होत्या आणि तिथला कामगारही आपलाच भाऊ आहे. गिरण्यांना मदत करायची तर तिजोरीतून करावी. ती कापूसवाल्याच्या खिशातून काढली, आणि अर्थसंकल्पात त्याची ओळसुद्धा नाही.

सीसीआयची खरेदी होती, हेही खरे. पण आधी मोबाईलवर नोंदणी, मग १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर माल परत. ज्याला दिवाळीआधी उधारी फेडायची, तो थांबू शकत नाही.

आता गरिबीचे बोलू. देशात काम करणाऱ्या १०० माणसांपैकी ४६ शेतीत (२०२३-२४ ची पाहणी), आणि शेतीचा उत्पन्नातला वाटा १०० पैकी साधारण १८ रुपये. भागाकार करा: शेतीबाहेरच्या माणसाच्या वाट्याला शेतीतल्याच्या जवळपास चौपट येते. २०१८-१९ च्या सरकारी पाहणीत शेतकरी कुटुंबाचे महिन्याचे उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले आणि त्यात पिकाचे फक्त ३,७९८. निम्म्या कुटुंबांवर कर्ज. हे आळसाचे आकडे नाहीत, आपण क्विंटल वाढवतच आलो आहोत. ओईसीडी आणि इक्रिअर या संस्थांनी २०१८ मध्ये हिशेब मांडला, तो असा की २००० ते २०१६ या काळात निर्यातबंद्या आणि बाजारावरची बंधने यांनी भारतीय शेतकऱ्याकडून जेवढे काढून घेतले, ते अनुदाने वजा करूनही शेतीच्या एकूण जमेच्या सरासरी १४ टक्के भरले. ही उणे सबसिडी.

जिल्हा बैठकीत दोन मागण्यांवर चर्चा ठेवली आहे. शेतीच्या वाढीचा आकडा जाहीर करताना क्विंटलची वाढ आणि रुपयांची वाढ शेजारी शेजारी, सारख्याच मोठ्या अक्षरात छापावी. आणि पेरणी झाल्यापासून वेचणी संपेपर्यंत कापसाचा आयात कर आणि निर्यातीचे नियम बदलू नयेत. बदलायचेच तर मे महिन्यात, हमीभावाबरोबर सांगावे.

येताना गेल्या वर्षीच्या आणि यंदाच्या हिशेबपट्ट्या बरोबर आणा. ज्वारीच्याही. क्विंटल, भाव, तोलाई, वेचणी आणि भाडे अशा पाच रकान्यांचा कागद दाराशी मिळेल. तो बैठक सुरू होण्याआधी भरून द्यायचा आहे, म्हणजे गावागावांची बेरीज तिथेच फळ्यावर मांडता येईल.