खाज म्हणजे ॲलर्जी नव्हे

पाठीत भुलेच्या औषधासोबत मॉर्फिन देऊन सिझर होते. काही तासांनी बाळंतीण नाक चोळू लागते. मग डोळ्यांच्या कडा, गाल, मान, छाती. सलाईनचा हात जपत ती दुसऱ्या हाताने खाजवत राहते. सोबतची सासू म्हणते, "इंजेक्शनची गरमी झाली." सिस्टर ॲलर्जीवरचे एव्हिल देते आणि केसपेपरवर नोंद होते: मॉर्फिनची ॲलर्जी. सिंदेवाहीची बाई सिझरसाठी ब्रह्मपुरीला जावो की चंद्रपूरला, असा कागद घेऊन तिने घरी परतू नये, एवढ्यासाठी हा लेख.

ॲलर्जी मानणाऱ्यांचा आधार एकच: खाज आली म्हणजे हिस्टामिन सुटले. शिरेतून दिलेल्या मॉर्फिनने हिस्टामिन सुटते, हे खरे. पण पाठीत द्यायची मात्रा मिलिग्रॅमच्या दहाव्या हिश्शाएवढी असते. मॉर्फिनच्याच जातीचे फेंटानिल तर हिस्टामिन जवळजवळ सोडतच नाही, तरी पाठीत दिले की खाज येतेच. ही खाज कातडीतून उठत नाही. मज्जारज्जूतल्या ज्या ग्राहींवर औषध वेदना थांबवते, तिथूनच तीही सुरू होते. पाठीत मॉर्फिन घेतलेल्या निम्म्याहून अधिक बाळंतिणींना ती होते. इतक्या जणींना ॲलर्जी कशी असेल? गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वासात घरघर आली, रक्तदाब कोसळला, तर गोष्ट वेगळी. म्हणून पदर बाजूला करून अंग बघावे, छाती ऐकावी, मगच लिहावे.

हा आग्रह आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे. चंद्रपूर-गडचिरोलीत सिकलसेलचे रुग्ण अनेक आहेत. त्यातल्या एखादीला उद्या हाडे पिळवटून काढणारी कळ आली, तर मॉर्फिनच लागेल. तेव्हा डॉक्टर जुना कागद वाचून ते टाळतील आणि ती तळमळत राहील.

एव्हिलने खाज थांबते असेही म्हणतात. बहुधा बाई झोपते, म्हणून थांबल्यासारखी वाटते. मॉर्फिननंतर श्वास मंदावण्याचा धोका थोडा असला तरी असतो, आणि वाढती गुंगी ही त्याची आधीची खूण. ती खूणच आपण धूसर करतो. शिवाय आईला बाळ पाजायला जागे राहायचे असते.

दुसरे टोक म्हणजे "एवढीच कटकट असेल तर मॉर्फिन नकोच." हे मला मुळीच मान्य नाही. बुपिव्हाकेनची भूल काही तासांत उतरते. मॉर्फिनचा आराम बहुतेकदा दिवसभर टिकतो. पोटाला टाके असताना कुशीवर वळायचे, उठून बसायचे, बाळ उचलायचे, हे त्या आरामावरच जमते. मॉर्फिन मिळवण्याची कागदपत्रे किचकट होती. 2014 मध्ये अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाल्यावर मान्यताप्राप्त रुग्णालयांसाठी वाट थोडी सोपी झाली. ती खाजेच्या भीतीने परत बंद करू नये.

मात्रा कमी ठेवावी. अमेरिकेत 1999 मध्ये पामर आणि सहकाऱ्यांनी 108 बायकांवर वेगवेगळ्या मात्रा पडताळल्या. 75 मायक्रोग्रॅमच्या पुढे वेदनाशमनात फारसा फायदा दिसला नाही, खाज मात्र मात्रेबरोबर वाढत गेली. आज साधारण 100 मायक्रोग्रॅम पुरते. अर्थात पाठीसाठीचे मॉर्फिन परिरक्षक नसलेलेच हवे. ऑन्डॅन्सेट्रॉन आधी देऊन खाज टळते का, याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. उलटीसाठी ते दिलेच जाते, तेवढा भरवसा पुरे. खाज असह्य झाली तर नाल्ब्युफिन शिरेतून 2.5 ते 5 मिलिग्रॅम, हळूहळू. एवढ्या मात्रेत वेदनाशमन सहसा टिकते.

"खाजेने कुणी मरत नाही" म्हणून हात झटकणाऱ्यांनी ऑपरेशनआधी दोन वाक्ये बोलावीत: "बाई, नाकाला, तोंडाला खाज सुटेल. घाबरू नका, सहन झाली नाही तर सांगा, औषध आहे." मराठीत, सासूच्या देखत. आणि सुट्टीच्या कागदावर लिहावे: पाठीतून मॉर्फिन 100 मायक्रोग्रॅम, खाज आली, गांधी नाहीत, नाल्ब्युफिनने थांबली, ॲलर्जी नाही.