तुरुंगरक्षकाची शिडी

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली पोलीस भरतीची जी मोठी जाहिरात काढली, तिच्यातील १७,४७१ जागांपैकी १,८०० जागा कारागृह शिपायांच्या होत्या आणि त्यांतील २५५ नागपूर विभागाच्या वाट्याला आल्या होत्या. अमरावतीचे मध्यवर्ती कारागृह, अकोल्याचे जिल्हा कारागृह आणि मोर्शीचे खुले कारागृह ही याच विभागात मोडतात. भरतीच्या मोसमात अमरावती-अकोल्याच्या मैदानांवर पहाटेच्या अंधारात धावणारी मुले पाहिली की या जागांना वऱ्हाडात किती मागणी आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. अट बारावी उत्तीर्ण एवढीच. परंतु रांगेत पदवीधरही उभे असतात. कोरडवाहू कपाशी आणि सोयाबीन यांच्या भरवशावर ज्या घराचा संसार चालतो, त्या घराला दर महिन्याला येणारा पगार हा पीकविम्याहून अधिक खात्रीचा विमा वाटतो.

मागणी एवढी असता वेतनाचा प्रश्न उरतोच कुठे, असे एखादा हिशेबी अधिकारी विचारील. एका जागेमागे उमेदवार अनेक असतील, तर भाव वाढविण्याचे कारण नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा. युक्तिवाद बिनतोड दिसतो. पण त्याची मातब्बरी भरतीच्या दिवसापुरतीच असते. शासन येथे एका दिवसाची हजेरी विकत घेत नाही. तीस-पस्तीस वर्षांची सावधानता आणि सचोटी ते विकत घेत असते, आणि तिची किंमत भरतीच्या रांगेवरून ठरत नाही.

सातव्या वेतन आयोगानुसार कारागृह शिपायाची वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१०० रुपयांची आहे. पोलीस शिपायाचीही तीच. न्यायमूर्ती आनंद नारायण मुल्ला यांच्या समितीने १९८३ च्या अहवालात तुरुंगसेवकांना पोलिसांच्या बरोबरीने वागवावे, असा आग्रह धरला होता. तेव्हा निदान प्रारंभीच्या वेतनात ती बरोबरी साधली आहे, हे मान्य केले पाहिजे. खरा भेद पुढे सुरू होतो. पोलीस खाते अवाढव्य आहे. ठाणी, वाहतूक, गुन्हे शाखा असे त्याचे नाना फाटे आहेत. शिवाय २०२२ मध्ये पोलीस नाईक हे पद रद्द करून शिपायाला फौजदारपदापर्यंत पोचण्याची वाट शासनाने सोपी केली. कारागृह खात्याचा पसारा मात्र नऊ मध्यवर्ती कारागृहे आणि काही जिल्हा व खुली कारागृहे एवढाच. शिपाई, हवालदार, सुभेदार अशा या शिडीच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर जागा झपाट्याने कमी होत जातात, आणि शिखरावर बसणारा प्रमुख तर भारतीय पोलीस सेवेतून येतो.

या कोंडीवर शासनाने शोधलेला उपाय म्हणजे सेवांतर्गत आश्वासित प्रगती योजना. दहा, वीस आणि तीस वर्षांच्या सेवेनंतर, पदोन्नती मिळाली नसल्यास, वरचे वेतन द्यायचे. योजना न्याय्य आहे यात शंका नाही. परंतु तिने वेतन वाढते, पद वाढत नाही. दहा वर्षांत वार्षिक वेतनवाढींनी शिपायाचे मूळ वेतन २९,००० च्या आसपास जाते. त्यानंतर आश्वासित लाभ मिळाला तरी सकाळी गिनती घेणारा आणि रात्री मनोऱ्यावर उभा राहणारा माणूस तोच. वीस वर्षांच्या अनुभवाचे करायचे काय, याचे उत्तर या योजनेत नाही.

कामाचा भार किती, हे एका साध्या गणिताने कळते. केंद्राच्या आदर्श कारागृह नियमावलीने सहा बंद्यांमागे एक रक्षक असावा असे म्हटले आहे. समजा, सहाशे बंद्यांच्या तुरुंगाला शंभर रक्षक मंजूर झाले. साप्ताहिक सुट्टी, रजा, आजारपण आणि प्रशिक्षण वजा जाता रोज पंचाहत्तरच हाती उरतात. तीन पाळ्यांत विभागले की एका वेळी पंचवीस. म्हणजे सहास एक हे प्रमाण प्रत्यक्षात चोवीसास एक झाले. तुरुंगात क्षमतेच्या दीडपट बंदी असले आणि चारांतली एक जागा रिकामी राहिली, तर तेच प्रमाण अठ्ठेचाळीसावर जाते. हे उदाहरण कल्पित आहे. परंतु राज्यातील कारागृहांची गर्दी दीडपटीहून कमी नाही आणि देशभरात कारागृह सेवकांच्या जवळपास तीस टक्के जागा रिक्त आहेत. त्यात देशातील तीन-चतुर्थांश बंदी कच्चे कैदी. आज आत, उद्या जामिनावर बाहेर. अशांची ओळख होण्यापूर्वीच ते बदललेले असतात.

२०२२ च्या जूनमध्ये अमरावतीच्या कारागृहातून तीन बंदी पळाले, तेव्हा गावभर चर्चा झाली ती कुलपांची आणि भिंतीची. भिंतीच्या उंचीचे माप घेणे सोपे असते. त्या पाळीला किती माणसे होती आणि ती सलग किती तास जागी होती, हा प्रश्न अशा प्रसंगी सहसा मागे पडतो.

सचोटीचेही तसेच. बाहेर दहा-वीस रुपयांना मिळणारी तंबाखूची पुडी भिंतीआड कित्येक पटींनी महाग होते. भ्रमणध्वनीच्या किमतीची तर बातच सोडा. टंचाई जेथे कायद्याने निर्माण झालेली असते, तेथे दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती नफ्याची किल्ली आपोआप येते. ज्याला पुढे काही मिळवायचे आहे, तो नोकरी पणाला लावताना दहादा विचार करतो. ज्याच्यापुढे दार बंद आहे, त्याची गमावण्याची भीती तेवढीच बोथट होते. म्हणून केवळ मूळ वेतन दोन-तीन हजारांनी वाढविल्याने हा प्रश्न सुटेल, असे मानणे भोळेपणाचे आहे.

गाऱ्हाणे मांडण्याची वाटही अरुंद आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली, तिच्यासाठी २०२३ च्या मार्चमध्ये राज्यातील लाखो कर्मचारी संपावर गेले. त्या संपाचे फळ वर्दीतल्या माणसालाही हवेच असते, पण संपाचा मार्ग त्याला नसतो. ब्रिटनने १९९४ मध्ये तुरुंग कर्मचाऱ्यांच्या संपावर कायद्याने बंदी घातली आणि २००१ मध्ये त्यांच्या वेतनाचा विचार करण्यासाठी स्वतंत्र मंडळ नेमले. हक्क काढून घेतला तर त्याची भरपाई म्हणून निःपक्ष सुनावणी द्यावी, ही ती दृष्टी. तुरुंग हा विषय आपल्या घटनेत राज्यांकडे आहे. तेव्हा महाराष्ट्राला यासाठी दिल्लीकडे पाहण्याचे कारण नाही.

निमित्तही समोर आहे. केंद्राने २०२५ च्या जानेवारीत आठव्या वेतन आयोगाला मंजुरी दिली, आणि त्याच्या मागोमाग राज्यातही वेतनाचा विचार निघणे क्रमप्राप्त आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याची जागा घेण्यासाठी राज्याने कारागृह व सुधारसेवा विधेयक २०२४ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात मंजूर करून घेतले. नावात सुधारसेवा आहे. मग ती करणार कोण? मोर्शीच्या खुल्या कारागृहात बंदी शेतात राबतात आणि त्यांच्यावरची देखरेख बंदुकीपेक्षा विश्वासावर चालते. तेथे लागणारा माणूस पहारेकऱ्याहून निराळा असतो. त्याला शेती कळावी लागते, माणसे ओळखता यावी लागतात. समुपदेशन, शिक्षण, कारखाना, पुनर्वसन अशा कामांची पदे खात्यांतर्गत परीक्षेने शिपायांतून भरण्याचा वाटा मोठा केला, तर शिडीला नव्या पायऱ्या लागतील आणि भरतीतील पदवीधरांच्या पदव्याही वाया जाणार नाहीत. खर्च येईल, पण वेतन आश्वासित प्रगतीने तसेही वाढणारच आहे.

२०२४ च्या जाहिरातीतून लागलेल्या शिपायाला त्या प्रगतीचा पहिला लाभ २०३५ च्या सुमारास मिळेल. तोवर त्याची तिशी उलटलेली असेल. त्या वयात तो तुरुंगाधिकाऱ्याच्या खुर्चीत बसेल की थोड्या वाढीव वेतनावर त्याच फाटकाशी उभा असेल, हे पदोन्नतीच्या नियमांतील टक्केवारी ठरवील.