कमळावरचा क्रूस कुणाचा?

नृसिंहवाडीला आमचे जाणे होते ते दत्ताच्या पादुकांसाठी नव्हे, तर धाकटी बहीण तिथे नांदते म्हणून. परवा गेलो तेव्हा मिरजेहून आमची चुलत मावशीही आली होती. मावशी ख्रिस्ती. उभी हयात रुग्णसेवेत गेली. गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा लहानसा क्रूस.

चहा चालू असताना कॉलेजात शिकणारा आमचा भाचा तिला म्हणाला, "आजी, तुझा हा क्रूस मूळचा आपलाच. गोव्यात जुना क्रूस सापडला, त्याच्या खाली कमळ आहे. कमळ बुद्धाचं. म्हणजे येशूसुद्धा बौद्धच!" मावशी काही बोलली नाही. तिने क्रूस पदराआड केला आणि अर्धा कप तसाच ठेवून मागील दारी गेली.

वाचक बंधू-भगिनींनो, असे बोलणे आपल्या तरुणांच्या तोंडी हल्ली फार ऐकू येते. म्हणून हे सविस्तर लिहितो.

भाच्याने सांगितलेला क्रूस खरा आहे. गोव्यात जुवारी नदीकाठी आगशीजवळ तो २००१ साली सापडला. असाच एक चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर पोर्तुगीजांना १५४७ साली मिळाला, आणि केरळातल्या जुन्या चर्चमध्येही तसे क्रूस आहेत. ते साधारण सातव्या ते नवव्या शतकातले मानतात. त्यांवर येशूची मूर्ती नाही. टोके कळीसारखी फुललेली, खाली पाकळ्या, आणि भोवती कोरलेली अक्षरे.

त्या अक्षरांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. पोर्तुगीजांना ती वाचता येईनात. त्यांनी एका विद्वान ब्राह्मणाला बोलावले. त्याने मोजक्या अक्षरांतून संत थॉमसची लांबलचक कथा वाचून दाखवली आणि पाद्र्यांनी ती खरी मानली! पुढे तीनशे वर्षांनी, १८७० च्या दशकात, बर्नेल या इंग्रज अधिकाऱ्याने दाखवून दिले की ही लिपी पहलवी, म्हणजे जुन्या इराणची. त्यात थॉमसची कथा नव्हतीच. नेमका अर्थ काय यावर पंडितांत अजून मतभेद आहेत. पोथी वाचणाऱ्याने सांगितले आणि ऐकणाऱ्याने मान डोलावली, हा अनुभव आपल्याला काही नवा नाही.

खुद्द ख्रिस्ती लोकांतही या क्रूसावरून भांडण आहे. केरळच्या सिरो-मलबार चर्चमध्ये काही जण त्याला थॉमसचा क्रूस म्हणून वेदीवर मान देतात, तर काही म्हणतात हा मणी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या पंथाचा. हा मणी तिसऱ्या शतकातला. बुद्ध, जरथुस्त्र आणि येशू या तिघांनाही तो आपले पूर्वसूरी मानी.

मग कमळ आले कुठून? चीनमध्ये शिआन येथे ७८१ सालचा एक शिलालेख आहे. त्याच्या माथ्यावरही कमळातून उगवलेला क्रूस आहे. तो लेख रचणारा ख्रिस्ती भिक्षू जिंगजिंग हा प्रज्ञ नावाच्या बौद्ध भिक्षूबरोबर एका सूत्राचे भाषांतर करायला बसला होता. बादशहाने ते भाषांतर नाकारले आणि दोन्ही विहारांनी आपापली शिकवण वेगळी ठेवावी असे फर्मावले. म्हणजे शेजार होता, देवघेव होती, पण एकाने दुसऱ्याला गिळले नव्हते. आपल्याकडे कार्ल्याच्या चैत्याला यवनांनी खांब दान दिले, आणि पंचगंगेकाठी कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात रोमनांच्या समुद्रदेवाची मूर्ती मिळाली. म्हणून कोल्हापूर काही रोमन होत नाही.

भाच्याला आम्ही एवढेच विचारले, "वाडीच्या दुकानांत दशावताराची चित्रं मिळतात. त्यात नववा कोण?" तो गप्प झाला. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांपैकी पाचवी त्याला पाठ आहे. बुद्ध हा विष्णूचा अवतार, असे कुणी म्हटले की आपले रक्त तापते. मग मावशीच्या येशूला आपण कोणत्या तोंडाने बौद्ध करतो?

शिवाय कमळापेक्षा मोठी गोष्ट त्या क्रूसातच आहे. रोमन राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलामांना आणि बंडखोरांना देत. इ.स.पू. ७१ मध्ये स्पार्टाकसचे बंड मोडल्यावर त्याच्या सहा हजार साथीदारांना रोम ते कापुआ रस्त्याच्या कडेने क्रूसावर टांगले. त्या लाजेच्या खुणेला पहिल्या ख्रिस्ती पिढ्याही फारशा उघड मिरवत नव्हत्या. चौथ्या शतकात बादशहा कॉन्स्टंटाईनने तो धर्म जवळ केला, तेव्हापासून क्रूस मानाने दिसू लागला. गुलामाच्या फाशीची खूण माणसे छातीवर का घालतात, हे आपल्यासारख्यांना समजायला कमळाची गरज पडू नये.

"मग मामा, वाडीच्या पादुका? अमरावतीच्या स्तूपावर बुद्धाची पावलं आहेत की!" भाचा सहजी हटणारा नाही. आम्ही म्हटले, पावलांवर चक्र दाखव, लेख दाखव, जुनी नोंद दाखव. मिळाले तर याच पानावर छापू. तोवर नाही.

संध्याकाळी मावशीला एस. टी. पर्यंत पोचवायला तोच गेला. वाटेत तिने त्याला सांगितले, की तिच्या आजोबांना गावच्या आडावर चढू देत नसत. मिशनच्या आवारात त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या हाताने पोहरा ओढला, आणि हा क्रूस त्या वर्षीचा आहे.

भाचा घरी आला तो हे सांगतच.