गोचीडतापाची लस आणि आपला दुधाचा धंदा

“लस टोचलेली आहे, आता काळजी नको,” असे सांगून गाय गळ्यात मारणारे दलाल बाजारात कमी नाहीत. द्रोणागिरी परिसरातील जमिनी नवी मुंबई प्रकल्पात गेल्या. उरलेल्या लहान गोठ्यांना आज एक संकरित गाय गमावणेही परवडत नाही. म्हणून आमच्या दूधवाल्या बांधवांना सांगणे आहे की, या एका वाक्यावर पैसे मोजू नका.

‘गोचीडताप’ या एकाच नावाखाली निरनिराळे आजार खपतात. त्यांपैकी थायलेरियोसिसवर आपल्याकडे लस आहे. पण तो आजार एकपेशीय परजीवीचा. ॲनाप्लाझ्मा हा जिवाणू वेगळा. तो तांबड्या पेशींत शिरतो. गायीला ताप येतो, रक्त कमी होते, दूध आटते. थायलेरियाची लस त्याला रोखत नाही.

दक्षिण आफ्रिकेत अर्नोल्ड थायलर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ॲनाप्लाझ्माच्या सौम्य जातीची जिवंत लस काढली. काही देशांत ती आजही चालते. तिने आजाराचा जोर कमी होतो, संसर्ग थांबत नाही. शिवाय ती जनावराच्या रक्तातून बनत असल्याने दुसरे रोग पसरण्याचा धोका राहतो.

नवी लस करणे सोपे नाही. २००८ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले की, लस टोचल्यावर जिवाणू ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी गायीत तयार होतात. परंतु खरा संसर्ग होताच त्याच पेशी झपाट्याने नाहीशा होतात. शत्रूचे खाते ज्या मुनिमाकडे, तोच पेढीतून गायब! वरून बरी दिसणारी गायसुद्धा पुढे वर्षानुवर्षे जिवाणू बाळगू शकते आणि शेजारच्या गायीला देऊ शकते.

तेव्हा गाय घेताना कोणत्या आजाराची लस, कोणत्या तारखेला, हे लेखी मागा. पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या. नवी गाय काही दिवस वेगळी बांधा. गोचिडांचा बंदोबस्त वर्षभर ठेवा. एकच सुई अनेक गायींना टोचू देऊ नका, कारण रक्त लागलेल्या सुईनेही हा रोग पसरतो. सरकारनेही तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रक्ततपासणीची नियमित सोय करावी, अशी आमची मागणी आहे.

सुई आणि तपासणीचा खर्च मेलेल्या गायीच्या किमतीपुढे काहीच नाही. तवक्कल जरूर करावे, पण आधी उंट बांधावा, हीच आपल्याला शिकवण आहे.