मामांची रेसर मोडीत का काढावी?

गेल्या श्रावणात यवतेश्वरच्या घाटात मी सायकलवरून पडलो, ही वार्ता महाविद्यालयात बहुतेकांना ठाऊक आहे. सहा आठवडे डावा हात गळ्यात अडकवून फिरल्यावर ती लपवणार तरी कशी? कासहून परतताना पावसाची भुरभुर सुरू होती. एका वळणावर समोरून एस. टी. वर येताना दिसली आणि मी दोन्ही ब्रेक करकचून दाबले. ब्रेक दाबले गेले; सायकलने मात्र ऐकले नाही. एस. टी.खाली जाण्यापेक्षा डोंगराकडेच्या चरात जाणे बरे, एवढेच त्या क्षणी सुचले. गळपट्टीचे हाड गेले, डोके राहिले.

त्यानंतर घरात, कँटीनमध्ये आणि एकदा तर खुद्द ग्रंथालयात एकच निकाल ऐकू आला : 'ती जुनी सायकल आता मोडीत काढ.' पुण्याला नोकरीस असलेल्या दादाने तर प्रश्नच मिटवला. "दिवाळीला नवी घेऊन देतो," म्हणाला, आणि मोबाईलवर चित्रे पाठवू लागला. कार्बनची चौकट, डिस्क ब्रेक, बॅटरीवर बदलणारे गिअर. किंमत अडीच लाखांच्या घरात. मी नको म्हटले. तेव्हापासून मी हट्टी, कंजूष आणि जुन्याला कवटाळणारा ठरलो आहे. यांतले कंजूष हे विशेषण तर मुळीच लागू नाही, कारण पैसे दादाचे होते.

भावनेचा मुद्दा आधीच बाजूला करतो. सायकल मामांची आहे. १९८६ साली त्यांनी ती घेतली तेव्हा दहा गिअरची रेसर ही गावात बघायला येण्याजोगी वस्तू होती. पुढे दोन चाकती, मागे पाच; गिअरच्या दोन काड्या तिरक्या दांडीवर. पण मामांना स्वतःला आता तिचे काही नाही. ते विजेच्या स्कूटरवर हिंडतात, आणि माझ्या अपघाताचे कळल्यावर पहिले वाक्य बोलले ते "अरे, विकून का टाकत नाहीस?" तेव्हा वारसा, आठवणी वगैरे शब्द या वादात मी वापरणार नाही. सायकल ही वापरायची वस्तू आहे आणि तिचा निकाल वापरावरच लागला पाहिजे.

मग पहिला प्रश्न असा की, त्या दिवशी नेमके काय चुकले? याचे उत्तर डॉक्टरांनी दिले नाही, दादाने दिले नाही. पोवई नाक्याजवळ टपरी असलेल्या आमच्या मिस्त्रीकाकांनी दिले. त्यांनी चाक उचलून फिरवले, रिमवर अंगठा ओढला आणि म्हणाले, "ब्रेकला कशाला बोल लावतोस? रिम बघ की. आरशागत गुळगुळीत हाय. पाण्यात ह्याच्यावर रबर धरंल व्हय?" मामांच्या सायकलीच्या रिमा लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. उन्हात त्या चमकतात आणि ठीक थांबतात. ओल्या झाल्या की रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि रबर नुसते घसरत जाते. पावसात या रिमा धोक्याच्या आहेत ही गोष्ट सायकलीच्या धंद्यात जुनी आहे. मला ती चाळीस वर्षांनी, हाड मोडल्यावर कळली. म्हणजे दोष होता आणि तो गंभीर होता. जुनी सायकल निर्दोष असते असे म्हणणाऱ्यांत मी नाही. पण दोष दोन रिमांत होता, साऱ्या सायकलीत नव्हता.

आता नव्या सायकलीची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, नाहीतर प्राध्यापक मंडळी हा लेख वकिलाचा म्हणून सोडून देतील. डिस्क ब्रेक पावसात चांगले, यात वाद नाही. त्यांची चकती हबाजवळ असते, रस्त्यावरच्या चिखलपाण्यापासून दूर, आणि बोटाच्या दाबावर धरते. शर्यतीच्या सायकलींना ते लावावेत की नाही यावर व्यावसायिक खेळाडूंतच काही वर्षे वाद चालला आणि २०१८ साली जागतिक सायकल संघटनेने त्यांना पूर्ण मान्यता दिली. दुसरी गोष्ट गिअरची. १९९० साली शिमानो या जपानी कंपनीने ब्रेकच्या मुठीतच गिअरची काडी बसवली. हात न हलवता गिअर बदलता येतो. मला अजून एक हात सोडून खाली दांडीकडे न्यावा लागतो, आणि खड्ड्याखड्ड्यांतून उतरताना तो हात मला हँडलवर हवा असतो. या एका सुधारणेचा मला सरळ हेवा वाटतो.

वजनाचे मात्र मी ऐकून घेणार नाही. माझी सायकल साडेअकरा किलोची, दादाच्या चित्रातली साडेसात. चार किलोंचा फरक. पण घाट चढते ती नुसती सायकल नव्हे; साठ-बासष्ट किलोंचा मीही चढतो. एकूण ओझ्यात हे चार किलो पाच-साडेपाच टक्के होतात. चढावर बहुतेक शक्ती ओझे वर नेण्यातच जाते, म्हणून वेळही साधारण त्याच प्रमाणात वाचेल. अर्ध्या तासाच्या चढाला दीड मिनिट. यवतेश्वराला दीड मिनिट आधी पोचून मी तिथे काय करणार आहे? चहा आधी मिळेल, इतकेच. व्यावसायिक शर्यतीत त्या दीड मिनिटावर आयुष्य ठरते हे खरे. पण त्या शर्यतींतही २००० सालापासून ६.८ किलोंपेक्षा हलकी सायकल चालत नाही.

या संदर्भात तासाभराच्या विक्रमाची हकीकत सांगण्यासारखी आहे. बंदिस्त वाटोळ्या मार्गावर एकट्याने एका तासात किती अंतर कापता येते, एवढाच हा विक्रम. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर कापले, पोलादी सायकलवर. पुढे सायकली बदलत गेल्या, बसण्याच्या तऱ्हा बदलल्या, आणि १९९६ साली इंग्लंडचा ख्रिस बोर्डमन हात पुढे ताणून बसण्याच्या नव्या पद्धतीने ५६.३७५ किलोमीटर गेला. त्यावर संघटनेने ठरवले की, मर्क्सच्या काळासारखी साधी सायकल आणि साधी बैठक वापरणाऱ्यांचा विक्रम वेगळा धरायचा. २००० साली त्याच बोर्डमनने साध्या सायकलवर प्रयत्न केला. अंतर भरले ४९.४४१ किलोमीटर. अठ्ठावीस वर्षांत माणसाची प्रगती दहा मीटर! मेक्सिको सिटी उंचावर आहे, तिथली विरळ हवा मर्क्सला उपयोगी पडली आणि बोर्डमनने मँचेस्टरला, दाट हवेत सायकल मारली, हे सांगायला हवे. नाहीतर कोणी तरी भूगोलाचा विद्यार्थी मला पकडेल. तरीही एकाच माणसाच्या दोन आकड्यांत जवळजवळ सात किलोमीटरांचे अंतर आहे, आणि त्यातले बरेचसे यंत्राचे व बैठकीचे आहे.

हे पाहून दादा म्हणेल, "बघ, मी तेच सांगतोय!" मी म्हणेन, यंत्राने वेग वाढतो हे मला मान्यच आहे. मला विचारायचे आहे ते हे, की तो वाढीव वेग कोणाच्या उपयोगाचा आणि त्याची किंमत कशात मोजायची.

ती किंमत मला वर्गातल्या एका मित्राच्या सायकलीमुळे दिसली. त्याची सायकल नवी, सुंदर, एकही तार बाहेर दिसत नाही. ब्रेकच्या तेलाच्या नळ्या हँडलमधून, पुढच्या चिमट्यावरच्या बेअरिंगांमधून आत गेलेल्या. पावसाळ्यानंतर ते बेअरिंग कुरकुरू लागले. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू. पण ती काढायची तर ब्रेकच्या नळ्या सोडवा, मग नवे तेल भरा, हवा काढा. साताऱ्यात कोणी हात लावीना. सायकल गाडीत घालून पुण्याला गेली आणि बारा दिवसांनी परत आली. माझ्या चिमट्याचे छर्रे मिस्त्रीकाकांनी चहा निवायच्या आत बदलले होते. मागच्या हबात दोन सुती, म्हणजे पाव इंची छर्रे. पुढच्यात दीड सुती. डबीत दोन्ही असतात. दोन पाने, थोडे ग्रीस, आणि कोन किती आवळायचा याचा हाताला असलेला अंदाज. बस्स.

जुन्या सायकलीचे सारे भाग एकमेकांशी बोलतात तसे नव्यांचे बोलत नाहीत. चेनच्या दोन कड्यांमधले अंतर अर्धा इंच, ते शंभराहून अधिक वर्षे तेच आहे; पण दहा गिअरची, अकरा गिअरची, बारा गिअरची चेन जाडीला वेगवेगळी, आणि एकीचा संच दुसरीला सहसा जमत नाही. २०२१ साली शिमानोने आपला सर्वांत वरचा संच बारा गिअरचा काढला, तो केवळ विजेवर चालणारा. तारेवर चालणारा पर्यायच त्यात ठेवला नाही. इथे माणसाला सुधारणा नुसती देऊ केली जात नाही. मागची वाट बंद करून पुढे यायला सांगितले जाते. अर्थशास्त्राच्या तासाला 'ग्राहकाचे सार्वभौमत्व' शिकताना मला हा संच आठवतो आणि हसू येते. इव्हान इलिच या विचारवंताने १९७४ साली 'एनर्जी अँड इक्विटी' या छोट्या पुस्तकात सायकलीची मनापासून तरफदारी केली, ती याच कारणाने की हे यंत्र माणसाच्या स्वतःच्या शक्तीवर चालते आणि त्याला कोणाचा आश्रित करत नाही. बॅटरीच्या चार्जरशिवाय गिअर न बदलणारी सायकल त्याने पाहिली असती तर काय लिहिले असते, याची मला उत्सुकता आहे.

दादाचा खरा वार मात्र वेगळाच होता. "तुझे मिस्त्रीकाका किती वर्षांचे?" त्याने विचारले. पासष्टीच्या पुढचे. "आणि त्यांच्यामागे?" मागे कोणी नाही. मुलाने मोबाईल दुरुस्तीचे दुकान टाकले आहे. बापाची टपरी त्याला नको, आणि त्याला दोष देण्याचा मला अधिकार नाही. दिवसभर उकिडवे बसून पंक्चर काढण्यात किती सुटते हे मी पाहिले आहे. शिवाय मालही आटत चालला. मामांच्या चाकांचे २७ इंची टायर आता सहज मिळत नाहीत. ज्या ॲटलसच्या सायकलींवर आपल्याकडच्या कित्येक घरांनी पहिले पायडल मारले, त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० च्या ३ जूनला बंद झाला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. जुने ठेवायचे म्हणणाऱ्याने या प्रश्नाला उत्तर द्यायला हवे. मला दोन रात्री उत्तर सुचले नव्हते.

शेवटी मी केले ते असे. २७ इंची चाकाऐवजी ज्याला ७०० म्हणतात त्या मापाच्या ॲल्युमिनियमच्या दोन रिमा मागवल्या. नाव मोठे, पण टायर बसण्याच्या जागी हे चाक जुन्यापेक्षा व्यासात फक्त आठ मिलिमीटर लहान. म्हणजे ब्रेकची रबरे चार मिलिमीटर खाली आली की झाले, आणि मामांच्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा होती. हब जुनेच. छत्तीस छिद्रे, छत्तीस स्पोक. या मापाचे टायर कुठेही मिळतात. बत्तीस मिलिमीटर रुंदीचे घातले. गंमत म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी तेवीस मिलिमीटरच्या टायरवर धावणारे शर्यतवालेही आता अठ्ठावीस-तीसवर आले आहेत. रुंदीच्या बाबतीत मामांची सायकल जागेवर उभी राहून पुढे गेली म्हणायची. रिमा, स्पोक, टायर, नवी ब्रेक-रबरे मिळून साडेसहा हजार रुपये लागले. ते मात्र दादाकडूनच घेतले. तत्त्व इतकेही कडक नसावे.

चाके मिस्त्रीकाकांनी विणली नाहीत. तीच माझी अट होती आणि त्यांना ती चमत्कारिक वाटली. ते स्टुलावर बसले, मी जमिनीवर. पहिले चाक विणायला मला दोन रविवार लागले. स्पोकची ओळ चुकली, सगळे सोडवले, पुन्हा घातले. आऊट काढताना तर एका बाजूचा काढावा तो दुसऱ्या बाजूला निघे. "जोर नको लावू. पाव फेरा दे, आन् थांब," एवढेच ते म्हणत. तिसऱ्या रविवारी चाक फिरले, आणि रिम दोन्ही रबरांच्या मधून कुठेही न घासता गेली. दुसऱ्या चाकाला एक दिवस पुरला. आता आमच्या वसतिगृहातल्या तिघांच्या चाकांचा आऊट मी काढतो. धंदा म्हणून नव्हे, हात जाऊ नये म्हणून.

ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात पुन्हा त्याच घाटातून उतरलो. त्या वळणाच्या वर दोनदा थांबून ब्रेक तपासले. डिस्कइतके ते धरत नाहीत, हे लिहून ठेवतो. ओल्यात पहिला अर्धा फेरा रबर पाणी पुसण्यात घालवते, मग पकडते. म्हणून उतारावर मी ब्रेक आधीपासून हलके टेकवून ठेवतो. चर अजून तिथेच आहे, त्यात आता गवत उगवले आहे.

दादाला मी एक शब्द देऊन ठेवला आहे. पायडलच्या कण्याजवळ चौकटीचे सांधे मी दर महिन्याला फडक्याने पुसून, बोट फिरवून पाहतो. तिथे जर कधी चीर दिसली, तर त्याच दिवशी त्याला फोन करीन. आणि त्याने पाठवलेली ती सारी चित्रे मी अजून पुसलेली नाहीत.

— तृतीय वर्ष कला (अर्थशास्त्र)