लायगो हिंगोलीत, पण तिचे आरसे कुठले?

औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया उभी राहणार, हे बहुतेकांना माहीत आहे. केंद्राने 2023 मध्ये त्यासाठी 2600 कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या भुजा, निर्वात नळ्या, इमारती हे काम आपलं. आरसे मात्र अमेरिकेतून येणार.

आरसा म्हणजे शुद्ध सिलिकाची 40 किलोची चकती, व्यास 34 सेंटीमीटर. तिच्या मधल्या भागातला उंचसखलपणा एका नॅनोमीटरच्याही आत हवा. माणसाचा केस साधारण 80 हजार नॅनोमीटर जाड असतो! लहर आली की आरशांमधलं अंतर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी बदलतं. पृष्ठभाग ओबडधोबड असेल तर विखुरलेल्या प्रकाशात ते हरवेल.

खरी अडचण घासण्यापेक्षा मोजण्यात आहे. चूक दिसलीच नाही तर काढणार कशी? उपग्रहांच्या दुर्बिणींनाही हेच कौशल्य लागतं. तिथे आता फ्रीफॉर्म, म्हणजे गोलाईची सममिती नसलेले आरसे येताहेत. त्यांनी दुर्बीण आटोपशीर होते, पण मोजमाप आणखी किचकट. इस्रोची बंगळुरूची लिओस प्रयोगशाळा उपग्रहांसाठी ऑप्टिक्स बनवते, म्हणजे पाटी कोरी नाही.

अमेरिकेतल्या लायगोने आधीचे 11 किलोचे आरसे काढून 40 किलोचे बसवले. औंढ्यातही कधीतरी आरसे बदलावे लागतील. ते इथे घडवायचे, तर घासणारे आणि मोजणारे हात आतापासूनच तयार करायला हवेत.